‘एफ’ अक्षराचा भुर्दंड

महोदय,

सोयाबीनचे पैसे हाती आले तसा पोराने गेमिंग कॉम्प्युटरचा हट्ट धरला. परभणीतल्या एका दुकानातून सुटे भाग आणून त्याने घरीच जोडला. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीच. दुकानदार म्हणे, मॉनिटर खराब! दोन दिवस केबल बदलण्यात गेले. खरं कारण प्रोसेसरच्या (कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपच्या) खोक्यावरच छापलेलं होतं : आय३-१२१००एफ. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग) नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. ते आम्ही पुढच्या हंगामात घेणार होतो. त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला असता, तर ६ कोअर (काम करणारे गाभे) आणि ग्राफिक्सही आतच. हलके गेम तरी चालले असते. विकताना एवढं सांगायला काय जातं? आता जुनं कार्ड शोधत फिरतोय.

– एक शेतकरी वाचक, परभणी