मॅडम, तुम्ही शेवटच्या बाकावरून हात वर केलात

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही मुलीकडून बजावून सांगितलंत, म्हणून नुसतं मॅडम. सोलापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

दहावीचा निकाल लागून आठ दिवस झाले. पोरीचे गुण इथं लिहीत नाही, गल्लीत सगळ्यांना सांगून झालेत. पण अकरावीला सायन्स घेणार असं ती म्हणाली, तेव्हापासून काहीतरी घशाशी अडकलंय. ते मोकळं करायला हे पत्र.

मी डाइंगमध्ये आहे, बावीस वर्षं झाली. चादरीचं, टॉवेलचं सूत रंगवतो. माझी शाळा नववीत सुटली. घरची ओढाताण होतीच, पण ते एकच कारण नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी संयुजा विचारली, मला आली नाही. सुट्टीत वडिलांबरोबर रंगावर जायचो, त्यामुळे नखं निळी असायची. सरांनी माझे दोन्ही हात धरून वर केले आणि वर्गाला दाखवले. "ही बघा याची प्रयोगशाळा." वर्ग हसला. मी परत गेलो नाही.

पोरीला असं कुणी बोललं नाही, एवढंच. बाकी उजेडच होता. आधीच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप. तपासणी आली की परीक्षानळ्या पुसून मांडायच्या, साहेब गेले की परत कपाटात. क्लास लावला, फी दोन हप्त्यांत भरली, तिथं समीकरणं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचे. रात्री बारापर्यंत घोकायची आणि सकाळी बाणाच्या डावीकडचं उजवीकडे लिहून यायची.

मग दहावीला ती तुमच्या वर्गात आली, आणि आमच्या डब्यातले शेंगदाणे-फुटाणे कमी व्हायला लागले. फुटाणा म्हणजे हायड्रोजन, शेंगदाणा म्हणजे ऑक्सिजन. पाण्याच्या एका रेणूला दोन फुटाणे, एक शेंगदाणा. पण ऑक्सिजन जोडीनं येतो, त्याला फोडून अर्धा आणता येत नाही. मग शेंगदाणे दोन, फुटाणे चार आणि पाण्याचे रेणू दोन. ताटात मधेच नवा दाणा टाकायचा नाही, असलेला तोंडात टाकायचा नाही. दोन्हीकडचा हिशोब जुळला की मग खायचं. आठ महिन्यांच्या क्लासला जे जमलं नाही ते पावशेर दाण्यांत झालं.

नंतर हळद. कागदाला हळदीचं पाणी लावून पट्ट्या करायच्या, आधी वहीत अंदाज लिहायचा, मगच पट्टी बुडवायची. आणि चुकलेला अंदाज खोडायचा नाही, हा तुमचा नियम. चुन्याच्या निवळीत पट्टी लाल, साबणाच्या पाण्यात लाल, चिंचेच्या कोळात पिवळी ती पिवळीच. हिनं तिथं 'रंग बदलेल' असं लिहून ठेवलं होतं. हळद आम्लारी दाखवते, आम्ल दाखवत नाही, हे पुढचे तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावं लागलं. त्यात माझं एक पांढरं बनियन गेलं, असो.

ऑक्सिडीकरण, म्हणजे ऑक्सिजन घेणं, आणि क्षपण, म्हणजे त्याच्या उलट, तिथं मात्र गाडी अडली. तेव्हा तुम्ही तिला विचारलंत, वडील काय करतात. आणि मला निरोप आला. मला वाटलं, तक्रार असणार. इस्त्रीचा शर्ट घालून आलो, हात खिशात घालून उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "दादा, व्हॅटचा रंग सुतावर कसा चढतो ते पोरांना दाखवाल का? मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी बघितलेलं नाही."

शनिवारी व्हरांड्यात बादली मांडली. पोरं लांब, कॉस्टिक सोड्याला फक्त माझा हात आणि तोही मोज्यातला, ही तुमची अट. इंडिगो, म्हणजे नीळ, हा व्हॅटचाच रंग, तो पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक आणि हायड्रोस, म्हणजे रंगाचं क्षपण करणारी पावडर, घातला की विरघळतो आणि त्याचा निळेपणा जातो. लडी बुडवली, वर काढली तर पिवळसर हिरवी. एक पोरगा म्हणाला, "काका, रंग चुकला." मी म्हटलं, थांब जरा. हवा लागली तशी लडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वरून निळी होत खाली आली. पोरं ओरडली. मी हे रोज बघतो, पण त्या दिवशी मीही बघत राहिलो.

तुम्ही मागं, शेवटच्या बाकावर पोरींच्या मधे बसला होतात, मांडीवर वही. आणि तुम्ही हात वर केलात, वर्गात पोरं करतात तसा. मी 'बोला' म्हणेपर्यंत खाली घेतला नाहीत.

"दादा, हायड्रोसच्या डब्याचं झाकण तुम्ही दर वेळी लगेच का लावता?"

मी म्हटलं, पाण्याचा थेंब गेला तर तापतो, पेटूही शकतो. आणि उघडा राहिला तर हवेनं मरतो. मेलेला हायड्रोस रंगाला उघडत नाही, म्हणजे रंग विरघळतच नाही.

तुम्ही उठून फळ्यावर माझेच शब्द लिहिलेत, 'हवेनं मरतो'. त्याखाली ऑक्सिडीकरण. मग पोरांना विचारलंत, दुसऱ्याचं क्षपण करणाऱ्याचं स्वतःचं काय होतं? आमची पोरगी उभी राहिली. तेच होतं, म्हणाली, त्याचंच ऑक्सिडीकरण होतं, म्हणून तर बाबा झाकण लावतात.

त्याच दिवशी तुम्ही पर्किनची गोष्ट सांगितलीत. 1856 साली, अठरा वर्षांचं पोर, सुट्टीत घरी मलेरियाचं क्विनाइन करायला गेलं आणि हाती जांभळा रंग लागला. आमच्या धंद्याचा असा कुणी पूर्वज आहे हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना मी हात खिशात घातलेच नाहीत, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

साधी माणसं शिल्लक आहेत म्हणतात, ती अशी कुठंतरी मागच्या बाकावर बसलेली असतात बहुतेक. तुमचे आभार कसे मानायचे ते मला जमत नाही. एक विनंती आहे. यंदाच्या दहावीला तो धडा कधी घेणार ते चार दिवस आधी कळवा. हायड्रोस ताजा आणावा लागतो.

आपला,
एक रंगारी, सोलापूर