खिशातल्या चाकूला गुन्हेगार ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात हाणामारीच्या एका बातमीशेजारी चाकूचं चित्र छापलं होतं. बातमीत 'धारदार शस्त्र' एवढाच उल्लेख होता. चित्रात मात्र हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा, मिटणारा खिशातला चाकू होता. पेन्सिलीला टोक काढायचा, आंबा चिरायचा, सुतळी कापायचा. हे चित्र तिथे नको होतं, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र. मी चिंचवडला टूलरूममध्ये फिटर होतो आणि निवृत्तीनंतर असेच जुने चाकू जमवतो, साफ करतो, न्याहाळत बसतो.

या चाकूला खटका नसतो. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते, ती कमान. पात्याचं मूळ चौकोनी घडवलेलं असतं आणि कमान त्याच्या सपाट बाजूवर दाबून बसते. पातं उघडताना कमान किंचित उचलली जाते आणि कोपरा ओलांडला की पुन्हा खाली बसते. पातं उघडं राहतं ते एवढ्याच दाबावर. टोकाकडून किंवा पाठीकडून जोर आला तर ते मिटतं, आणि मिटतं ते धरणाऱ्याच्याच बोटांवर. कुणाला भोसकायला निघालेला माणूस असला चाकू कशाला घेईल? त्याला खटक्याचा हवा, पातं अडकून राहणारा. रामपुरीची ख्याती त्याच कारणाने झाली.

हा फरक कायद्यालाही कळतो. ब्रिटनमध्ये चाकूंबाबतचे कायदे कडक आहेत, तरी १९८८ च्या तिथल्या फौजदारी कायद्यात तीन इंचांपर्यंत धार असलेला मिटता चाकू खिशात ठेवायला मुभा आहे. पातं अडकवणारा खटका त्यात असेल तर मात्र ती मुभा जाते, मग धार कितीही लहान असो. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं धरली आहेत, आणि त्यातूनही घरकामाची नि शेतीची अवजारं वगळली आहेत. माझ्या संग्रहातलं सगळ्यांत मोठं पातं साडेतीन इंच भरतं. शहरात पोलिसांचा मनाई आदेश लागू असला की मी चाकू घरी ठेवतो, विमानात हातातल्या बॅगेत नेत नाही. ते पाळायलाच हवं. पण घरात जपून ठेवलेल्या वस्तूकडे कुणी संशयाने पाहावं असं त्यात काही नाही.

आता कारागिरीबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे आहे. पातं आणि कमान दोन्ही पोलादाची, पण दोघांना पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, वेगळं द्यावं लागतं. लाल करून तेलात विझवली की दोन्ही काचेसारखी ठिसूळ होतात. मग पुन्हा सावकाश तापवायची आणि घासून लख्ख केलेल्या पोलादावर चढणारा रंग बघत राहायचं. पातं गवती पिवळं झालं, साधारण २३० अंशांवर, की थांबायचं. कमान त्यापुढे निळी होईपर्यंत, ३०० अंशांच्या आसपास न्यायची. म्हणजे पातं धार धरतं आणि कमान हजारो वेळा लवून परत जागेवर येते. अदलाबदल झाली तर कमान मोडेल आणि धार आठवड्यात जाईल. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या चाकू-कारागिरांनी हे पिढ्यान् पिढ्या डोळ्यांच्या अंदाजाने केलं, तापमान मोजणारं कुठलंही यंत्र हाताशी नसताना.

चांगला चाकू ओळखायचा कसा, असं मला बरेच जण विचारतात. तो मिटून उजेडासमोर आडवा धरा. कमान आणि मुठीच्या आतल्या पितळी पट्ट्या यांच्या मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवा. पातं मिटलेलं असताना, अर्धं उघडं असताना आणि पूर्ण उघडल्यावर, तिन्ही वेळा कमान मुठीशी समतल असली तर तो चाकू बसवणारा माणूस मोठा. तिन्ही जागा एकाच वेळी साधायच्या म्हणजे पात्याच्या मुळावर कानशीचा एक हातही जास्त फिरून चालत नाही, कारण एक जागा सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. मी आयुष्यभर फिटिंग केलं आहे, त्यामुळे असं काम हातात आलं की काम करणाऱ्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. आणि शेवटी आवाज. मिटताना स्वच्छ 'टक्' असा येतो. अमेरिकेतले संग्राहक चाकू 'चालतो आणि बोलतो' असं म्हणतात ते यावरूनच.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याचा एक चाकू मिळाला, म्हशीच्या शिंगाच्या काळ्या मुठीचा. पात्याच्या मुळाशी चांदणी आणि माल्टाचा क्रूस आहे. ही खूण त्या घराण्याकडे १७६४ पासून होती आणि तिच्या नकला इतक्या झाल्या की खरा नग ओळखायलाही अभ्यास लागतो. याच कारखान्याने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा 'नॉरफोक चाकू' बनवला होता. तो थक्क करणारा आहे, पण मला माझा दोन पात्यांचा जास्त आवडतो. मोठं पातं धार लावून लावून निम्मं झिजलं आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच्याकडून काम करून घेतलं आणि कमान अजूनही ताठ आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शेफील्डमध्ये वाळूच्या दगडावर पाती घासणारे कामगार दगडाची धूळ फुप्फुसांत जाऊन तरुणपणीच मरत. चाकांपुढे पंखे आणि धूळ ओढणाऱ्या सोयी यायला फार उशीर झाला. जुनी धार बघताना मला ते विसरता येत नाही.

या चाकूंचा आपल्या देशाशी थेट संबंधही आहे. शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगन आणि अमेरिकेतले कारखाने मुठीसाठी सांबराचं शिंग पसंत करत आणि ते बहुतेक भारतातून जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या सरकारने हा व्यापार बंद केला, आणि योग्यच केलं. असा नग कुठे दिसला तरी मी घेत नाही. लाकूड, हाड, म्हशीचं शिंग, सेल्युलॉइड यांत पाहण्यासारखं भरपूर आहे.

कोकणातल्या रोपवाटिकांत कोय कलम बांधणाऱ्यांच्या हातातला कलमाचा चाकूही याच कुळातला. त्याची धार बहुधा एकाच बाजूने लावलेली असते, म्हणजे काप सपाट येतो आणि खुंट नि काडी एकमेकांना नीट चिकटतात. हापूसच्या किती बागा या दोन-तीन इंचांच्या पात्यावर उभ्या राहिल्या असतील! 'धारदार शस्त्रा'च्या बातमीला चित्र निवडताना याचीही आठवण असावी.

वाचकांनाही एक कळकळीची विनंती आहे. वडिलांचा, आजोबांचा असा चाकू कपाटात सापडला तर तो भंगारात घालू नका आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याकडेही देऊ नका. त्याच्या कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर ठिणग्या उडतात आणि पात्याचं टोक बघता बघता निळं पडतं. निळं पडलं म्हणजे तिथलं पाणी उतरलं, पुढे कितीही घासा, धार टिकणार नाही. तेवढा भाग झिजून जाईपर्यंत त्यावर उपाय नाही. घरच्या बारीक दगडावर पाण्याने किंवा तेलाने हळूहळू घासा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, पातं पुष्कळदा उघडा-मिटा आणि निघालेली काळी घाण कापडाने पुसा. पात्यावरची करडी-निळसर झाक हा गंज नव्हे. आंबे-लिंबं कापून पोलादावर चढलेला तो थर असतो, तांबड्या गंजाला तो काही प्रमाणात रोखतो. पॉलिश पेपरने तो काढू नका. पात्यावरची कोरीव अक्षरंही त्याच्यासोबत जातात आणि चाकू कुणाचा, कुठला, हे सांगणारं मग काही उरत नाही.

स्टॅन शॉ हे शेफील्डमधल्या स्वतंत्र चाकू-कारागिरांच्या जुन्या परंपरेतले शेवटचे मोठे उस्ताद २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी वारले. पोरवयात कामाला लागले ते म्हातारपणापर्यंत चाकूच बनवत राहिले. त्यांच्या शहराने त्यांना संग्रहालयात कामाची जागा दिली आणि लोक त्यांचं काम बघायला जात. आपल्याकडे राजा दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी गोळा केली म्हणून त्या वस्तूंकडे आज आपण कौतुकाने बघतो. खिशातल्या चाकूच्या वाट्याला आपल्या वर्तमानपत्रात निदान एक रविवारचं पान यावं. गावोगावचे लोहार, रोपवाटिकांतले कलम बांधणारे, जुन्या बाजारातले विक्रेते यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे.

आपल्या छायाचित्रकाराला लागतील तेवढे नग मी दाखवीन, शिवाय खटक्याचा नि बिनखटक्याचा चाकू शेजारी शेजारी ठेवून फरकही दाखवीन. पत्ता आणि फोन क्रमांक पत्रासोबत वेगळा जोडला आहे, तो कृपया छापू नये. रविवार सोडून कोणत्याही दिवशी यावं. रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात असतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर, चिंचवड