तपासणीच्या वेळी बनियन काढायला लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि मग आरोग्य तपासणी होते. वजन, उंची, डोळे, दात बघतात. छातीला मात्र शर्टावरूनच स्टेथोस्कोप लावतात, हे मी नातवाच्या शाळेत पाहिलं. माझी तीस वर्षं ईसीजी काढण्यात गेली. त्यामुळे राहवलं नाही.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात कामाला असताना अकरा वर्षांचा एक मुलगा आला होता. कबड्डीच्या संघात निवड झाली होती, फिटनेसचं सर्टिफिकेट हवं होतं. आई बनियन काढू देईना. शेवटी काढला, तर छातीची डावी बाजू सपाट, काखेच्या पुढची मांसाची घडी नाहीच आणि डाव्या हाताची बोटं आखूड. जेली लावून वाट्या बसवल्या. छातीच्या चौथ्या लीडपासून, म्हणजे चौथ्या वाटीच्या नोंदीपासून, लहरी खुरटत गेल्या, सहावीत तर रेघ जेमतेम हलली. क्लिपा उलटसुलट लागल्या की काय म्हणून पाहिलं. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, सगळं जागच्या जागी. पहिल्या लीडमधली पी लहर, म्हणजे ठोक्याची सुरुवातीची लहर, तीही उलटी नव्हती, म्हणजे क्लिपांची अदलाबदल झालेली नव्हती. मग तळहात ठेवून बघितलं, ठोका उजवीकडे लागत होता. वाट्या उजव्या बाजूला नेल्या आणि लहरी भरून आल्या.

आईनं पिशवीतून जुना एक्स-रे काढला. त्यातही हृदय उजवीकडेच होतं, पण त्या वेळी फिल्म उलटी धरली असं समजून कुणी मनावर घेतलं नव्हतं. फिल्म खरंच उलटी असती तर जठरातला हवेचा बुडबुडाही उजवीकडे दिसला असता. तो डावीकडेच होता. आणि डावीकडच्या बरगड्या मोजायचे कष्ट घेतले असते तर दोन अर्धवट निघाल्या असत्या.

एका बाजूचा छातीचा स्नायू जन्मतःच नसण्याच्या या प्रकाराला पोलंड सिंड्रोम म्हणतात. पोलंड देशाशी संबंध नाही. 1841 मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड पोलंड यांनी त्याचं वर्णन केलं. बहुतेकांना तो उजव्या बाजूला असतो. डाव्या बाजूला असला आणि दोन किंवा जास्त बरगड्याही अर्धवट असल्या, तर हृदय उजवीकडे सरकलेलं सापडू शकतं. आरशातल्यासारखं उलटं झालेलं नसतं, आधार गेल्यामुळे गर्भातच ढकललं गेलेलं असतं असं मानतात. यकृत आणि जठर आपापल्या जागी असतात. त्या मुलाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला निघाला. डॉक्टरांनी कबड्डीऐवजी बॅडमिंटन सुचवलं, ते त्याला अजिबात आवडलं नाही.

याहून कितीतरी जास्त दिसते ती खोलगट छाती. उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधलं हाड, आत गेलेली, मध्ये वाटीएवढा खड्डा. मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. घरोघरी एकच उत्तर, तेल लावा, खाऊपिऊ घाला, भरून येईल. मालिशनं काही तो खड्डा भरत नाही, उलट वयात येताना वाढतो. इथे हृदय डावीकडे सरकतं आणि त्याचा उजवा कप्पा दाबला जाऊ शकतो. एक्स-रेत हृदयाची उजवी कड पुसट दिसते आणि कधीकधी न्यूमोनियाचा डाग समजून अँटिबायोटिक सुरू होतं. सीटी स्कॅनमध्ये छातीची रुंदी भागिले पुढून-मागची खोली काढतात, त्याला हॅलर इंडेक्स म्हणतात. साधारण अडीच असतो. सव्वातीनच्या वर गेला की ऑपरेशनचा विचार होतो. डॉ. नस यांच्या नावाच्या पद्धतीत उरोस्थीखालून धातूची वाकवलेली पट्टी सरकवतात, ती हृदयाच्या अगदी पुढून जाते. तेव्हा हृदय नेमकं कुठे आहे हे आधी ठाऊक असणं किती गरजेचं, ते सांगायला नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे, जन्मजात हृदयविकारही यादीत आहे. शाळांनी आणि पालकांनी एवढंच बघावं, की मुलाचे वरचे कपडे काढून छाती पाहिली गेली का. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ठोका कुठे लागतो, हे बघायला मशीन लागत नाही. काही वेगळं दिसलं तर एक्स-रे आणि इको करावा. हृदय सरकलेलं निघालं तर आरोग्य कार्डावर ठळक लिहून ठेवावं. उद्या अपघातात छातीत नळी घालायची वेळ आली, तर ते वाचणारा डॉक्टर वेगळा असेल.

मुलींसाठी बाई डॉक्टर हवी आणि आडोसा हवा. वर्गाच्या कोपऱ्यात दोरी बांधून चादर टाकली तरी चालतं, आमच्या शिबिरांत आम्ही तेच करायचो.

आपली,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ,
मानेवाडा, नागपूर