दोन खंजीर आणि एक टोपी

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या रोमन नाण्यांच्या फोटोंत काय बघतोस रे?" मी हसण्यावारी नेलं. पण सराफाच्या पोराला उडवून लावणं बरं नव्हे.

सध्या ब्रूटसच्या मागे लागलोय. सीझरला मारणाऱ्यांतला तो. इ.स.पू. ५४ च्या सुमारास हा रोमच्या टांकसाळीवर होता. अशी कामं तिथे घरंदाज तरुणांकडे असत आणि पोरं नाण्यांवर खुशाल आपल्या घराण्याचा तोरा मिरवत. ब्रूटसने देनारियस या चांदीच्या नाण्यावर (आपल्या जुन्या पोथ्यांतला 'दीनार' तो हाच शब्द) एका अंगाला स्वातंत्र्यदेवी घेतली, दुसऱ्या अंगाला राजाला हाकलून देणारा आपला पूर्वज. जिवंत रोमन माणसाचा चेहरा मात्र नाही. तो राजेलोकांचा थाट!

इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने ती रीत मोडली. मानेच्या सुरकुत्यांसकट स्वतःचं मुंडकं चांदीवर उमटवलं, वर पानांची माळ. १५ मार्चला त्याचा खून झाला.

पुढे ब्रूटस पूर्वेकडे फौज बाळगून होता. शिपायांना पगार हवा, म्हणून छावणीबरोबर टांकसाळही फिरायची. तिथलं ते नाणं! दोन खंजीर, मधे गुलामीतून सुटलेल्याला मिळायची ती टोपी, खाली अक्षरं: 'एइद मार'. ती आपली ईद नव्हे, मार्चची १५ तारीख. अरे, खुनाची जाहिरात, तीही चार ग्रॅमपेक्षा कमी चांदीत! आता नाणं उलटव. पुढच्या अंगाला कोण? खुद्द ब्रूटस. जिवंत.

मी खो खो हसलो. काही जण म्हणतात, शिपायाला पगार देणाऱ्याचं तोंड दिसायला हवं, त्याचा नाइलाज होता. मला नाही पटत. मोह झाला त्याला, दुसरं काय! इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत हरला आणि त्याने जीव दिला.

आता तुझं काम. ठसा ऐरणीत, चकती वर, दुसरा ठसा हातात धरून हातोडा मारायचा, अशी ती पद्धत. एका फोटोत खंजिराचं टोक काठाबाहेर गेलंय. हात हलला की चकती सरकली, हे ओळखता येतं का रे? तुझ्या बाबांना विचारून कळव.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
अण्णा