भाड्याचं घर आणि रविवारची तर्री

मा. संपादक, नमस्कार.

मी राजारामपुरीत राहतो, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देतो, आणि त्याआधी नऊ वर्षं मंगळवार पेठेत स्वतः भाडेकरू होतो, त्यामुळं दोन्हीकडची बोलणी खाऊन झालीत.

मागच्या पावसाळ्यात आमची खालची मोरी तुंबायला लागली. आधी वाटलं पावसानं असेल, शेवटी प्लंबर बोलावला तर त्यानं पाईपमधनं मुठीएवढा पिवळट गोळा काढला न म्हणाला, "काका, ही रविवारची तर्री हाय." वरची पोरं नोकरीची, रविवारी मटण होणारच, आणि उरलेला रस्सा तसाच सिंकमध्ये, थंड झाला की चरबी थिजते, तिच्यावर चहाचा चोथा बसतो, झालं बूच तयार. तावातावानं वर गेलो तर पोरं म्हणाली, "काका, आम्हाला कुणी सांगितलंच नाही." राग आला पण खोटं नव्हतं ते. मी सांगितलं होतं काय, तर भाडं पाच तारखेला आणि गेट रात्री दहाला बंद.

मग ॲग्रीमेंट काढून पहिल्यांदा नीट वाचलं. एजंटनं दुसऱ्याचंच उचलून नावं बदललेली, त्यात मी पोरांना स्विमिंग पूल वापरायची परवानगी दिलीय! आमच्याकडं पाणी म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी, तीपण मोटर बंद करायची विसरली की रस्त्यावर वाहते.

आणि ११ महिन्यांचं असलं की नोंदणी लागत नाही असं अजून बरेच जण सांगतात, ते आपल्याकडं चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. वर करार नोंदलेला नसेल आणि भांडण लागलं तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, उलटं सिद्ध होईपर्यंत. नोंदणी आता ऑनलाइन घरबसल्या होते.

मंगळवार पेठेतलं घर सोडताना मालकानं भिंतीची ओल दाखवून माझ्या डिपॉझिटमधले चार हजार कापले होते. ओल पहिल्या दिवसापासनंची, पण फोटो कुठाय? मोठी दुरुस्ती कायद्यानं मालकाची, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

म्हणून यंदा नवीन पोरं आली तेव्हा किल्ली देतानाच दोघांनी मिळून फोटो काढले, भिंती, नळ, गीझर, मीटरचं रीडिंग, आणि एक साधा कागद केला. रस्सा-तेल सिंकमध्ये नाही, चोकअप झाला तर खर्च वरच्यांचा, पाईप फुटला किंवा स्लॅब गळला तर माझा पण गळतंय हे लगेच सांगायचं, घंटागाडीला ओला-सुका कचरा वेगळा, खिळा ठोकायच्या आधी विचारायचं, कितीही भांडण झालं तरी मी लाईट-पाणी तोडायचं नाही.

सही करताना त्यातला एक पोरगा जरा बिचकतच म्हणाला, "काका, अजून एक ओळ घालूया का, वर येताना आधी फोन करायचा." बायको मागनं हसली. घातली ती पण.

एक घरमालक, राजारामपुरी, कोल्हापूर