पाच तास आणि पाच वर्षे

लाइपझिग, जर्मनी
रविवार

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे.

आजच्या पत्राचे कारण तुम्हाला पोरकट वाटेल, कारण ते एका सिनेमाविषयी आहे. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ आपल्याकडे २६ एप्रिल २०१९ रोजी लागला, तेव्हा मी लातूरच्या वसतिगृहात होते आणि नीटची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. खोलीतल्या मुली जाऊन आल्या. मी तुम्हाला शब्द दिला होता म्हणून गेले नाही, आणि नंतर तो राहूनच गेला. धाकट्याने मात्र तेव्हापासून माझा पिच्छा सोडला नव्हता. त्याची अटही होती, की आधी २०१८ चा भाग पाहायचा आणि मगच हा. म्हणून शुक्रवारी रुग्णालयातली पाळी संपवून पहिला पाहिला आणि काल तीन तास एक मिनिटाचा हा दुसरा.

तुम्ही पाहिला नाही म्हणून थोडक्यात सांगते. पहिल्या भागाच्या शेवटी थॅनॉस नावाचा बलाढ्य खलनायक सहा मणी मिळवून नुसती चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव धूळ होऊन विरून जातात. आता दुसरा भाग लढाईने सुरू होणार, अशा तयारीने मी बसले होते. सुरुवात झाली ती एका घराच्या अंगणात. बाप मुलीला धनुष्यबाण शिकवतो आहे, बायको जेवायला बोलावते आहे, बाप क्षणभर पाठ फिरवतो, आणि वळून पाहतो तर अंगणात कोणीच नाही. तेथे मी सिनेमा थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उभी राहिले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून आल्यावर तुम्ही त्या रात्री शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेला होता, हे तुम्ही आम्हाला एकदाच सांगितले आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर ते नेहमीच असते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे, आणि भूकंप. त्या बापाच्या हाती निदान मातीचे ढिगारे उपसण्याचे काम आले नाही, असे मला तेथे वाटून गेले.

पुढची पाच वर्षे सिनेमाने फार समजून दाखवली आहेत. जगभर पराक्रम गाजवलेली माणसे हात टेकून बसलेली दिसतात, कोणी गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून एकमेकांचे दुःख ऐकते, कोणी सूड घेत फिरते, कोणी तळ्याकाठी घर करून पुन्हा संसार मांडते. एकच गोष्ट मला खटकली. थोर हा देवांचा राजा दुःखाने दारूला लागतो, त्याचे पोट सुटते, आणि सिनेमा त्या पोटावर प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा हसवतो. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना आपल्या गावातलीही काही माणसे अशीच बाटलीला लागली होती असे आजी सांगते, पण तिच्या सांगण्यात हसण्याचा सूर मी कधी ऐकलेला नाही.

कालप्रवासाची वाट कशी उघडते, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. स्कॉट नावाचा एक गडी अणूहूनही सूक्ष्म अशा जगात अडकलेला असतो, आणि अडगळीत पडलेल्या यंत्रावरून एक उंदीर चालत गेल्यामुळे त्याची सुटका होते. एवढे वीर हात जोडून बसलेले असताना विश्व वाचवले ते गणपतीच्या वाहनाने! स्कॉटच्या हिशेबी आत पाच तास गेले, बाहेर मात्र पाच वर्षे लोटली. मला आपल्या सप्ताहातल्या कीर्तनात ऐकलेली रेवतीची कथा आठवली. ककुद्मी राजा लेकीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तेथे गाणे चालू म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. राजाच्या ओळखीचे कोणी उरत नाही, त्यांच्या नातवंडांची नावेही ऐकू येत नाहीत. स्कॉटला मात्र नावे सापडतात. गेलेल्यांच्या स्मारकाच्या शिळांवर तो घाबऱ्या घाबऱ्या मुलीचे नाव शोधतो, आणि त्याला दिसते स्वतःचेच. मुलगी घरी असते, वाढून मोठी झालेली.

मग सगळे मिळून भूतकाळात जाऊन मणी आणायचे ठरवतात. येथे धाकट्याने मला दोनदा समजावून सांगितलेला नियम तुम्हाला सांगते. मागे जाऊन काही बदलले, तरी आपला आज बदलत नाही. तुम्ही जेथे गेलात तो भूतकाळ हेच तुमचे पुढचे आयुष्य होते, आणि तेथे ढवळाढवळ केली तर त्या काळाला वेगळी फांदी फुटते. म्हणूनच घेतलेले मणी नंतर जेथल्या तेथे नेऊन ठेवावे लागतात. वीरांमधल्या एका जादूगाराने आधी पाहून ठेवलेल्या १,४०,००,६०५ भविष्यांपैकी एकातच जय आहे.

पण मी पत्र लिहायला बसले ते टोनी स्टार्क या वीराच्या अटीमुळे. त्या पाच वर्षांत त्याला मुलगी झालेली असते. गेलेले परत यावेत यासाठी तो जीव धोक्यात घालायला तयार होतो, पण मधली पाच वर्षे पुसली जाता कामा नयेत, हे त्याचे म्हणणे असते. अण्णा, आपल्या घरात ती मुलगी म्हणजे मी आणि माझ्यामागून धाकटा. भिंतीवरच्या फोटोतल्या मोठ्या आई आणि मोठा भाऊ असते, तर आम्ही नसतो. सहावीत असताना मी तुम्हाला विचारले होते, की भूकंप झाला नसता तर तुम्हाला आवडले असते का. तुम्ही काही क्षण माझ्याकडे पाहिलेत आणि बैलांना पाणी दाखवून ये म्हणालात. मला तेव्हा राग आला होता. काल टोनी अट घालताना चाचरला नाही, कारण त्याला दोन्ही मिळण्याची सोय सिनेमाने करून ठेवली होती. तुमच्यापुढे तशी सोय कोणीच ठेवली नव्हती, आणि मी मात्र उत्तर मागत होते.

हाच टोनी १९७० सालात जातो आणि तेथे त्याची स्वतःच्या वडिलांशी गाठ पडते. त्याचा जन्म अजून व्हायचा असतो. वडिलांच्या हातात फुले आणि आंबवलेल्या कोबीचा डबा असतो. तोच कोबी येथे आमच्या रुग्णालयाच्या जेवणात आठवड्यातून एकदा असतो, आणि मला तो आजवर गिळवला नाही. टोनी खोटे नाव सांगतो, बाप होण्याची भीती वाटणाऱ्या त्या माणसाशी चार शब्द बोलतो आणि निघताना त्याला मिठी मारतो. थोर या राजालाही त्याची आई भेटते, तीही तिच्या मृत्यूच्या दिवशी, आणि ती त्याला बघताक्षणी ओळखते.

शेवटची लढाई लांबली आहे, मी ती अर्धवट डोळ्यांनी पाहिली. कॅप्टन अमेरिका हा दुसरा वीर मणी परत ठेवायला जातो आणि जुन्या प्रेमाच्या माणसाबरोबर आयुष्य काढून म्हातारा होऊन परततो, ते मला मघाच्या नियमात नीट बसलेले वाटले नाही. धाकटा यावर भांडेल.

रात्रभर एकच विचार घोळत होता. मला त्यांचा कालप्रवासाचा अंगरखा मिळाला, तर मी ३० तारखेच्या पहाटे जाणार नाही, कारण नियमाप्रमाणे येथले काहीच बदलणार नाही. मी २९ च्या दुपारी जाईन. गणपतीपुढे नाचणारा चार वर्षांचा मोठा भाऊ पाहीन, मोठ्या आईंकडे पाणी मागेन, आणि खोटे नाव सांगून तुम्हाला औशाचा रस्ता विचारीन. तुम्ही ओळखणार नाही. आजी मात्र ओळखेल, असे मला उगीचच वाटते.

सिनेमा हिंदीतही आहे. धाकट्याला लावायला सांगा, पण सुरुवातीचा अंगणाचा प्रसंग त्याने वगळावा आणि तुम्ही उंदरापासून पाहावे. आजीला व आईला नमस्कार.

आपली लेक