डावा हात का बांधला होता

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "आई, माझा चांगला हात तुम्ही का बांधून ठेवत होतात?" त्या वेळी वसतिगृहात जेवणाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज सविस्तर लिहिते.

तू आठ महिन्यांची होतीस तेव्हा खुळखुळा कोणत्याही बाजूने पुढे केला तरी तुझा डावाच हात यायचा, आणि उजव्या हाताची मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली असायची. घरात सगळे कौतुकाने म्हणत, मुलगी डावखुरी निघणार. आम्ही ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांनीही "होईल हळूहळू" म्हणून परत पाठवले. वास्तविक वर्षाच्या आतले मूल एकच हात वापरू लागले, तर ती डावखुरेपणाची नव्हे, तपासणी करून घेण्याची खूण असते. हे कळेपर्यंत आपले सात महिने गेले, आणि त्याची खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही. एमआरआयमध्ये दिसले की जन्माच्या सुमारास तुझ्या मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून तुझा उजवा हात आणि पाय मागे पडले होते. मेंदूच्या अशा इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अडचणीचे सेरेब्रल पाल्सी हे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

तू चार वर्षांची झालीस तेव्हा तुझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी, म्हणजे रोजची कामे करायला शिकवणाऱ्या ताईंनी, चांगला हात बांधण्याचा उपाय सुचवला. मेंदूचा दुखावलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, परंतु लहान वयात त्याच्या शेजारचे भाग काही काम उचलू शकतात, मात्र ते काम त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मागावे लागते, असे त्यांनी समजावले. एडवर्ड टाउब या अमेरिकन संशोधकांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले होते की एका हाताची संवेदना गेली की तो हात हलवता येत असूनही माकड तो वापरायचे सोडून देते, कारण दुसऱ्या हाताने त्याचे भागते. चांगला हात अडवला की मात्र तोच हात कामाला लागतो. तुझे तर त्याहून अवघड होते. तुला उजवा हात वापरल्याची आठवणच नव्हती.

तीन आठवडे, रोज तीन तास, तुझ्या डाव्या हातात मी जाड कापडाचा पिशवीसारखा मोजा घालत असे. पहिल्या दिवशी परातीत चुरमुरे पसरून ठेवले होते. तू उजव्या मनगटाने ते नुसते ढकलत राहिलीस, मग रडू लागलीस, आणि बाबा उठून बाहेर गेले. बाराव्या दिवशी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक चुरमुरा अडकला. तो तोंडापर्यंत जाताना दोनदा पडला, तिसऱ्यांदा गेला. मोजा काढल्यानंतरचे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण बाटली धरून झाकण फिरवणे, शेंगा सोलणे, शर्टाचे बटण लावणे यांना दोन्ही हात लागतात, आणि ते शिकायला आपल्याला पुढची सहा वर्षे लागली.

तुला ते बंधन शिक्षेसारखे वाटले असेल, तर त्यात तुझी चूक नाही. चार वर्षांच्या मुलीला कारण नीट समजावून सांगणे मला त्या वेळी जमले नाही, त्याबद्दल मला क्षमा कर.

पायाचे मात्र अजून संपलेले नाही. ताठर स्नायू हाडाच्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून उंची वाढताना तुझी टाच पुन्हा उचलली गेली. पोटरीत स्नायू सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन घेतलेस, पण त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिनेच राहतो, आणि त्या अवधीत पोटरीला ताण देण्याचा व्यायाम केला तरच त्याचा उपयोग होतो. परीक्षेच्या दिवसांतही तो चुकवू नकोस. नवीन स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा आधार, काढल्यावर घोट्याजवळचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर ती तशीच घालून वर्गात जाऊ नकोस. मला फोन कर, आपण ती बदलून घेऊ.

तुझी,
आई